जळगावच्या उन्हात जुनी व्हीटेक: घ्यायची कशी, सांभाळायची कशी, नटवायची किती

माझी गाडी २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, रंग पांढरा. (व्हीटेक म्हणजे होंडाचं तंत्र, इंजिन जोरात फिरायला लागलं की व्हॉल्व्ह जास्त उघडतं.) नाशिकहून आणली त्या दिवशी अमळनेरचे मामा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "भाचा, हाई गाडी शे का हत्ती शे?" पांढरा हत्ती म्हणायचं होतं त्यांना. पहिलं वर्षभर ते खरे ठरले, कारण मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी अलॉय व्हील, मग म्युझिक, मग सायलेन्सर. रेडिएटरची आठवण झाली ती थेट मे महिन्यात, कन्नड घाटात.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर दोन दारांची, बसकी, लाल गाडी तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर ती आपल्याकडे दुर्मीळ. २००० ते २००३ च्या काळात आपल्या हाताला लागणारी वेगवान गाडी म्हणजे ही १०६ बीएचपीची सिटी, पालिओची १.६ जीटीएक्स, थोडी नंतर आलेली ऑक्टेव्हिया आरएस. आज यातली कुठलीही घेतलीत तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल. उदाहरणं माझ्या गाडीची आहेत, कारण हात तिच्यातच काळे झालेत.

एक हिशेब आधीच मनाशी करून ठेवा. जेवढ्याला गाडी घ्याल, साधारण तेवढेच पैसे पहिल्या दोन वर्षांत तिच्यावर पुन्हा जातील. ते वेगळे काढून ठेवता येत नसतील तर थांबा.

१. गाडी बघायला जाताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन थंड पाहिजे, मी आल्यावरच चालू करायचं. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन बरेच आजार लपवतं.

डिकीवरच्या व्हीटेकच्या बिल्ल्यावर विश्वास ठेवू नका, बिल्ला कुठेही मिळतो. बॉनेट उघडून सिलिंडर हेडला लागून व्हीटेकचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह) आहे का ते बघा. मग गाडी चालवा. इंजिन गरम झाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएमच्या आसपास आवाज बदलतो, गाडी जणू दुसऱ्यांदा श्वास घेते. हा बदल ऑइलच्या दाबावर होतो. दाब मिळाला की रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम कामाला लागतो. त्यामुळे ऑइल कमी असेल किंवा डांबरासारखं झालं असेल तर तो बदल येतच नाही. विकणारा म्हणेल, "साहेब, एवढी पळवायची कशाला?" तुम्ही पळवून बघाच.

टायमिंग बेल्ट कधी बदलला, याचं बिल मागा. तोंडी उत्तर धरू नका. या इंजिनात चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून तेवढे पैसे किमतीतून वळते करा.

डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा बघा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुटीचा थर आहे. इंजिन दुरुस्त होतं, सुटा भाग आज ना उद्या सापडतो. कुजलेला पत्रा मात्र पिच्छा सोडत नाही. माझ्या मते थकलेलं इंजिन आणि चांगला पत्रा असलेली गाडी घ्यावी, उलटं कधीच नको.

२. कागद

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात. सौदा पक्का करण्याआधी हे हातात हवं:

- आरसी. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीसह
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८
- आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र
- चालू विमा आणि पीयूसी
- विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, तुमचेही तेच, पॅनकार्डसह

बोजाकडे नीट बघा. कर्ज २००५ मध्येच फिटलेलं असतं, पण आरसीवरून नाव काढायला कोणी गेलेलं नसतं. त्या काळच्या कितीतरी बँका आणि फायनान्स कंपन्या आज दुसऱ्यांत विलीन झाल्यात. पत्र कोणाकडून आणायचं हे शोधण्यात माझ्या एका मित्राचे पाच महिने गेले. हे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या, पैसे त्यानंतर द्या.

दुसरी गोष्ट नोंदणीच्या मुदतीची. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २००२ च्या गाडीचं २०१७ ला झालेलं असायला हवं, मग २०२२ ला, आणि पुढचं २०२७ ला. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यायची. कारसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी १०,००० झालं. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये दंड, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एखादी गाडी फारच स्वस्त मिळत असेल तर आरसीवरची शेवटची तारीख आधी बघा, भाव पडण्याचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

दिल्लीतला डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षांचा नियम आपल्याकडे नाही. चौकातले जाणकार काहीही सांगोत, जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये तपासणीत पास झालेली जुनी गाडी बिनधास्त चालवा. मात्र हिला 'व्हिंटेज' म्हणवून घेऊन सवलत मागायला जाऊ नका, त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. ती फक्त अधिकृत पोर्टलवरूनच मागवा, सारख्या दिसणाऱ्या बनावट साइट आहेत. गाडी बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) च्या आधीची असल्याने पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते. विम्यातला नो क्लेम बोनस मागच्या मालकाचा असतो, तो गाडीसोबत तुमच्याकडे येत नाही. पॉलिसी तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत टाका, नाहीतर अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

३. पहिला महिना: पातळ पदार्थ आणि रबर

गाडी घरी आली की ती सजवायची खाज सुटते. आधी हे उरका. इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट, एअर फिल्टर, प्लग. मग टायमिंग बेल्ट, आणि त्याच्या सोबतच वॉटर पंप, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडायची मजुरी कशाला?

बेल्टचं काम चालू असताना शेजारी उभे राहा. होंडाचं हे इंजिन पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं, बहुतेक इंजिनं घड्याळाच्या दिशेने फिरतात. हाताला सवय असलेला मिस्तरी टायमिंग जुळवताना ते सुलटं फिरवून मोकळा होतो आणि बेल्टचा ताण बिघडतो. त्याला आधीच सांगून ठेवा. राग येईल, येऊ द्या. क्रँक पुलीचा बोल्टही लवकर सुटत नाही. त्यावर छिन्नी-हातोडा चालवू देऊ नका, चांगला इम्पॅक्ट रेंच असलेलं गॅरेज गाठा.

वीस-बावीस वर्षांत रबर आपोआप मरतं, गाडी चाललेली असो वा नसो. कूलंटचे पाइप, पेट्रोलचे पाइप, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, सीव्ही जॉइंटचे बूट, सगळ्यांना बोटाने दाबून बघा. भेगा दिसल्या की बदला. पेट्रोलच्या पाइपांना तर अजिबात सवलत नको. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉल चालतील असे फ्युएल इंजेक्शनचे पाइप मागून घ्या. साधा पाण्याचा किंवा फवारणी पंपाचा पाइप क्लिप लावून बसवलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

घरी काम करायचं असेल तर एवढी हत्यारं पुरतात:

- १० ते १९ चे सॉकेट आणि पाने
- टॉर्क रेंच (चाकाचे नट १०८ न्यूटन मीटरला आवळतात, पाइप घालून त्यावर उभं राहायचं नसतं)
- हायड्रॉलिक जॅक आणि दोन जॅक स्टँड
- फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या)
- मल्टिमीटर

जॅक स्टँडच्या जागी विटा किंवा सिमेंटचा ब्लॉक कधीही वापरू नका. ब्लॉक आधी काही सांगत नाही, एकदम फुटतो.

४. उन्हाचा बंदोबस्त

आता कन्नड घाट. चूक सर्वस्वी माझी होती. हिवाळ्यात मामांच्या शेतात भरीत पार्टीला गेलो होतो. कूलंट थोडं कमी दिसलं म्हणून तिथल्याच बोअरचं पाणी ओतलं, आणि पुढेही दोन-तीनदा तेच केलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते घरातल्या गिझरच्या कॉइलला विचारा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला. हिवाळा निघाला. मे मध्ये चाळीसगावहून घाट चढायला घेतला, पुढे दोन ट्रक, एसी चालू, आणि काटा वर सरकायला लागला.

त्या वेळी काय करायचं ते पाठ करून ठेवा. एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. हो, मे महिन्यातच. हीटर म्हणजे छोटा दुसरा रेडिएटर, तो इंजिनातली उष्णता ओढून तुमच्या अंगावर सोडतो. जागा सापडली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि तासभर रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. ते झाकण सुमारे १.१ बार दाब धरून ठेवतं, त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात तोंडावर येतं. एक ट्रकवाला पाण्याचा कॅन घेऊन धावत आला होता. त्याला तसंच थांबवून ठेवलं आणि दोघांनी दगडावर बसून माझ्याकडचे चिवडा-फुटाणे संपवले.

मग गाडी अशी बांधली:

रेडिएटर साफ करण्याच्या भानगडीत न पडता नवा टाकला. थर इतका बसल्यावर ॲसिडने धुतला तर जुनी ॲल्युमिनियमची नळी गळायला लागते. सोबत झाकणही नवं, ते स्वस्त असतं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित तेच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हीटर गरमवर ठेवून हवा पूर्ण काढायची, नाहीतर आत अडकलेला बुडबुडा काट्याला खोटं बोलायला लावतो.

थर्मोस्टॅट. खानदेशातल्या निम्म्या गॅरेजांत पहिला सल्ला हाच मिळतो: "काढून टाका भाऊ, आपल्याकडे काय कामाचा?" काढू नका. तो नसेल तर महामार्गावर इंजिन हवं तेवढं गरम होत नाही, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून थंडच आहे, मग पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि ॲव्हरेज पडतो. तुंबलेल्या रेडिएटरला त्याने काडीचाही उपयोग होत नाही. मूळ तापमानाचा नवा बसवा.

पंख्याची परीक्षा: गाडी उभी ठेवून चालू ठेवा, काटा मधे आल्यावर पंखा आपोआप लागतो का, थोड्या वेळाने बंद होतो का ते बघा. एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा लागायला हवा. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवरून जात असाल तर कंडेन्सरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमदा तयार होतो. साध्या नळीने, कमी दाबाने धुवा. वॉशिंग सेंटरची पिचकारी जवळून मारली तर पातळ पट्ट्या आडव्या होतात.

उन्हाची आणखी एक करामत. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी, स्टार्टर फिरतो पण इंजिन लागत नाही, संध्याकाळी मात्र पहिल्या फटक्यात चालू. लोक पेट्रोल पंप बदलतात, बॅटरी बदलतात. या वयाच्या गाडीत आधी फ्युएल इंजेक्शनचा मेन रिले उघडून बघा. आतल्या सोल्डरला वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बारीक भेगा पडतात, तापल्यावर संपर्क तुटतो, निवल्यावर जुळतो. टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर दहा मिनिटांत पुन्हा सोल्डर करून देतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली काय होत असेल विचार करा.

५. थांबणं आधी, पळणं नंतर

ब्रेकचे पॅड, मागचे शू, रबरी होज, आणि दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड. तोरणमाळ किंवा चांदसैलीचा घाट उतरताना जुन्या फ्लुइडमधलं पाणी उकळून पेडल मऊ पडतं, तो अनुभव घेऊ नका. टायरवर चार आकडी तारीख असते. ३४१९ म्हणजे २०१९ सालचा ३४ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा-सात वर्षांपुढचा टायर आपल्या डांबरावर वेगाने पळवायचा नसतो.

६. नटवणं: काय करावं, काय टाळावं

कायदा थोडक्यात असा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी. रंग बदलला तर आरसीवर नोंद करा, पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचं रॅप केलं तरीही. उन्हामुळे काचांना काळी फिल्म लावावीशी वाटतेच, पण पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मी लावला होता. सहा महिन्यांत काढला. पोलिसांनी दोनदा अडवलं हे एक कारण, आणि जळगाव ते धुळे डोकं भणभणून जातं हे दुसरं. शिवाय कमी आरपीएमवरचा जोर कमी झाला तो वेगळाच. उघडा एअर फिल्टर तर आपल्याकडे मूर्खपणाच आहे. इंजिनाच्या डब्यातली तापलेली हवा ओढतो आणि आपली बारीक धूळ पुरती अडवत नाही. मूळ डब्यात चांगला कागदी फिल्टर ठेवा आणि कंपनी सांगते त्याच्या निम्म्या अंतरावर बदला.

गाडी खाली बसवणारे स्प्रिंग? शेतातल्या चाकोरीतून एकदा जाऊन या. मधला उंचवटा ऑइलच्या चेंबरला लागला की हौस फिटते. मूळ उंचीचे नवे स्प्रिंग आणि चांगले शॉकॲब्सॉर्बर टाकले तर ही गाडी वळणावर अशी बसते की बहुतेकांना पुढे काही करावंसंच वाटत नाही. मला विचाराल तर हाच सर्वांत मोठा बदल.

पैसे वसूल होणारे बाकीचे बदल छोटे आहेत: हेडलाइटला वेगळी रिले वायरिंग (मूळ बल्बच जास्त उजेड देतात, आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत), चांगले ब्रेक पॅड, नीट शिवलेल्या सीट, मूळ मापाच्या जवळचं अलॉय. जे काही बसवाल ते विमा कंपनीला कळवा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा. दर पाच वर्षांनी तपासणीला जायचंय.

७. मिस्तरी आणि सुटे भाग

सर्व्हिस सेंटरमध्ये आजच्या पोरांनी डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने वीज वाटणारा जुन्या गाड्यांतला भाग) बघितलेला नसतो. पन्नाशीच्या पुढचा, याच काळातल्या गाड्यांवर हात बसलेला माणूस शोधा आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. लवकरच तो तुमचा 'चाचा' होतो आणि फोनवरूनच आजार ओळखतो.

भाग मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत, नाहीच तर दिल्लीच्या कश्मीरी गेटला मिळतात. जाताना जुना भाग सोबत न्या, निदान त्यावरच्या नंबरचा फोटो. वापरलेला भाग घेतला तरी पावती घ्या, आणि नंबर घासलेलं इंजिन किंवा गिअरबॉक्स फुकट दिला तरी नको. एखादा बुश कुठेच मिळत नसेल तर आपल्या एमआयडीसीतले लेथवाले नमुना बघून हुबेहूब करून देतात. पंपांचे आणि शेतीच्या यंत्रांचे भाग करून त्यांचा हात तयार असतो.

८. उभी ठेवायची असेल तर

अशी गाडी रोज चालत नाही. तरी आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर बाहेर काढा. जागेवर चालू करून दहा मिनिटांनी बंद करण्याने उलट नुकसान होतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो कुजतो. पावसाळ्यात टाकी अर्धवट ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, मग पाणी तळाशी बसून टाकी गंजते. महिनाभर बाहेर जाणार असाल तर बॅटरीची ऋण वायर सोडवा. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी असेल तर उंदीर वायरिंग खातातच. बॉनेट दोन दिवसांनी उघडून बघा, रात्री बॉनेट थोडं उघडंच ठेवा. आडोसा नसला की उंदीर घर करत नाहीत.

आणि रावेर-यावलकडून येताना कोणी प्रेमाने केळीचा घड दिला तर डिकीत खाली जाड ताडपत्री अंथरा. दांड्यातून गळणारा चीक गालिच्यावर काळा पडतो आणि कशानेही निघत नाही. माझ्या डिकीत असे तीन डाग आहेत, तिन्ही मामांच्या कृपेने.